साडेपाचला सुटणारी ऑफिसं

मार्च सरतो, बोनस खात्यात पडतो आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईतल्या ऑफिसांत राजीनाम्यांचा हंगाम सुरू होतो. बँका, विमा, आयटी, जाहिरात, औषध कंपन्या, सगळीकडे तीच तऱ्हा. अमक्याने पेपर टाकले ही बातमी चहाच्या मशिनपाशी आधी पोचते, साहेबांच्या मेलबॉक्समध्ये नंतर. पूर्वी हे लोक बहुधा समोरच्या कंपनीत जायचे, थोड्या जास्त पगारावर. अलीकडे दुसरंच उत्तर वारंवार कानावर येतं. हे क्षेत्रच सोडतोय. योग शिकवणार आहे. केक करून विकणार आहे. समुपदेशनाचा कोर्स करतेय. गावी जाऊन शेती बघणार आहे. काहीतरी मनापासूनचं करायचंय, आणि तब्येतीकडेही बघायचंय जरा.

अशा माणसांची टिंगल करण्यात मला रस नाही. चाळिशीला टेकलेला, घराचे हप्ते चालू असलेला माणूस 'हे असं अजून वीस वर्षं नको' म्हणतो, तेव्हा त्याआधी बऱ्याच रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागलेला नसतो. माझं भांडण आहे ते त्याला मिळणाऱ्या दोन ठरीव उत्तरांशी. घरातली वडीलधारी म्हणतात, काम ते काम, त्यात कसला आनंद शोधायचा, पगार येतोय ना महिन्याच्या महिन्याला. मोबाइलवरचे प्रेरणादायी वक्ते म्हणतात, उडी मार, पुढचं आपोआप जमेल. पहिलं उत्तर रुक्ष आहे. दुसरं त्याहून वाईट, कारण ते सगळा प्रश्न त्या एकट्या माणसाच्या हिमतीवर ढकलून मोकळं होतं. उडी मारली नाही तर तो भित्रा, मारून पडला तर त्याची तयारी कमी.

माझा अनुभव असा, की मुंबईत काम बदलू पाहणाऱ्या पुष्कळांना त्या कामाचा वीट आलेला नसतो. वीट आलेला असतो त्या कामाने गिळलेल्या तासांचा. आणि ज्यांना खरोखरच दुसरं काही करायचं असतं, त्यांनाही ते शिकायला, चाचपून बघायला आधी तेच तास हवे असतात. दोघांची अडचण एकच आहे आणि ती सोडवणं एकट्यादुकट्याच्या हातात नाही.

मी बरीच वर्षं एचआरमध्ये काढली. सोडून जाणाऱ्या माणसाची शेवटची मुलाखत घ्यायची, फॉर्म भरून घ्यायचा, हे काम माझ्याकडे असायचं. फॉर्मवर कारणांच्या चौकटी असतात. लोक निमूटपणे 'अधिक चांगली संधी' किंवा 'वैयक्तिक कारण' यावर खूण करतात, कारण रिलिव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचे, म्हणजे शेवटच्या हिशेबाचे पैसे हातात पडायचे असतात. उगाच वाईटपणा कोण घेईल? फॉर्म मिटून चहा मागवला की खरं बोलणं सुरू व्हायचं. हिशेब तपासण्याचा, कोड लिहिण्याचा, विम्याचे दावे निकाली काढण्याचा तिटकारा आलाय असं सांगणारे त्यात थोडेच. बाकीचे बोलायचे ते रात्री साडेदहाला 'एक मिनिट बोलायचंय' म्हणून येणाऱ्या फोनबद्दल, मंजूर होऊन ऐन वेळी रद्द झालेल्या रजेबद्दल, मूल झोपल्यावर घरी पोचण्याबद्दल, बदलापूरच्या रात्रीच्या गाडीबद्दल. रक्तदाब, थायरॉइड, पाठीचा पट्टा हे विषय तिशीतली मुलं काढायची. यातल्या किती जणांना वेळेवर घरी जाता आलं असतं तर ते थांबले असते, हे फॉर्मवर कुठेच लिहिलं जात नाही.

हा प्रश्न या शहराला नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल होते. 1880 मध्ये 'दीनबंधु' पत्राची धुरा त्यांनी खांद्यावर घेतली. आजच्या भाषेत सांगायचं तर भर तिशीत, बऱ्यापैकी नोकरी असताना, त्यांनी करिअर बदललं. पण स्वतःची सुटका करून घेऊन ते थांबले नाहीत. 1884 मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, गिरणीत मागे राहिलेल्यांसाठी मागण्या मांडल्या, आणि 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांच्या खात्याने आणलेल्या कारखाने कायद्याच्या दुरुस्तीने 1946 मध्ये आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले. आज आपण जो आठवडा गृहीत धरतो तो असा, भांडून मिळालेला आहे.

तासांना मर्यादा पडल्यावर काय झालं, हे मुंबईतल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ऑफिस साडेपाचला सुटायचं आणि साडेसहाला तालीम सुरू व्हायची. राज्य नाट्यस्पर्धा 1954 पासूनची, कामगार कल्याण मंडळ त्याच्या आदल्याच वर्षीच्या कायद्यातून आलेलं. आंतरबँक एकांकिका स्पर्धा, 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेत चाललेले प्रायोगिक नाटकांचे प्रयोग, हे सगळं उभं केलं त्यातले कितीतरी जण दिवसा बँकेत, आयुर्विमा महामंडळात, रेल्वेत, टपाल खात्यात बसणारे होते. अशोक सराफ दहा वर्षं स्टेट बँकेत नोकरी करत नाटकं करत होते. नाटक हे एकच उदाहरण. बँकांचे, गिरण्यांचे, रेल्वेचे कबड्डीचे संघ, शनिवारी रात्री कर्जत-कसाऱ्याची गाडी पकडून गड चढायला जाणारी टोळकी, वाड्यावस्त्यांतली भजनी मंडळं, सगळं त्या संध्याकाळी आणि रविवारी उभं राहिलं. बँकेतलं लेजर काही या लोकांना आत्मिक समाधान देत नव्हतं. बरेच जण तिथे सरळ पाट्या टाकत असणार. पण त्यांना समाधानासाठी राजीनामा द्यावा लागला नाही, कारण दिवसाचा एक तुकडा त्यांच्या मालकीचा होता. (त्या तालमींना जाणाऱ्यांच्या घरी कुकर कोण लावत होतं, हा प्रश्न त्या सोनेरी आठवणींत कुणी विचारत नाही. त्याच्याकडे मी येणारच आहे.)

ज्या लोअर परळमध्ये भोंगा वाजला की पाळी संपायची, तिथेच गिरण्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. आत बसणाऱ्यांचा पगार साच्यावर उभ्या राहणाऱ्या त्यांच्या आजोबांपेक्षा कितीतरी पट आहे, एसी आहे, लिफ्ट आहे. भोंगा तेवढा नाही. काम कधी संपलं हे सांगणारं काहीच तिथे उरलेलं नाही.

आणि सरकार काय करतंय? सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी दुकानं आणि आस्थापनांत, जिथे 20 किंवा जास्त माणसं काम करतात तिथे, दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 10 तासांवर न्यायला मंजुरी दिली. कारखान्यांत 9 ची 12 केली. तिमाहीत करून घेता येणाऱ्या जादा कामाची मर्यादा 144 तासांपर्यंत वाढवली. आठवड्याचे 48 तास तसेच आहेत, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल आणि दुप्पट मोबदला मिळेल, असं सांगण्यात आलं. कागदावर हे सगळं ठीक दिसतं. जरा हिशेब करू या. तिमाहीचे 144 तास म्हणजे आठवड्याला सुमारे 11. 48 आणि 11 मिळून 59. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांशी तुलना करता 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त आढळला. अशा दीर्घ तासांशी जोडलेले 2016 मधले जगभरातले मृत्यू त्यांनी 7.45 लाख धरले. म्हणजे आपला कायदा जेवढी मुभा देतो तेवढी पुरेपूर वापरली, तर माणूस त्या 55 च्या रेषेपलीकडे जातो, तोही पूर्ण कायदेशीरपणे.

लेखी संमतीबद्दल तर न बोललेलं बरं. नेमणूकपत्राच्या गठ्ठ्यात अकराव्या पानावर सही घेतली की झाली संमती. शिवाय व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावर असलेल्याला राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याचं संरक्षण नाही. म्हणून तर तिशीच्या आत सगळे असिस्टंट मॅनेजर असतात. हाताखाली माणूस एकही नसतो, व्हिजिटिंग कार्ड मात्र असतं.

याच राज्य सरकारने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा दिला. दिला ते उत्तमच केलं, रोज पाऊण तास वाढवून दिला, तेही रास्त. पण मग खासगी ऑफिसातल्या माणसाचा दिवस दहा तासांचा करण्याच्या फायलीवर सही करणाऱ्याला शनिवारी सुट्टी असते, ही गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही.

मुंबईत ऑफिसचे तास हा दिवसाचा अर्धाच हिशेब. दहा तास काम, विरार, पनवेल, बदलापूरहून जाऊन-येऊन साडेतीन तास, सात तास झोप. उरले साडेतीन, त्यातली जेवणाची सुट्टी ऑफिसातच जाते. राहिलेल्यात आंघोळ, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, आईची औषधं, आणि जमलं तर ते मनापासूनचं काहीतरी. ऑफिसं वाढली, पण त्यांच्याकडे जाणारे रस्ते आणि पूल तेवढेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली, ती याच काचेच्या इमारतींच्या सावलीत. 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारात लोंबकळणारी माणसं खाली पडली आणि त्यातली काही दगावली. मध्य रेल्वेने 2023 मध्ये आपल्या मुख्यालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी दोन वेगवेगळ्या वेळा सुरू केल्या होत्या, म्हणजे सकाळची गर्दी फुटावी म्हणून. इतरांनी त्यातून काय घेतलं? फार काही नाही. आठवड्यात दोन दिवस घरून काम दिलं तर साताठ तास माणसाला परत मिळतात, पण कोविड सरल्यावर बऱ्याच कंपन्यांनी सगळ्यांना परत बोलावलं. कारण विचारलं की 'कल्चर' हा शब्द येतो.

आता त्या स्वप्नांकडे वळते, कारण त्यांच्यातही एक गोम आहे.

योगवर्गाचं घ्या. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट 1918 पासूनची; मुंबईत ही विद्या शिकून शिकवण्याची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. पण नोकरी सोडून पूर्णवेळ शिकवू लागलेल्याचे वर्ग कधी असतात? पहाटे सहाला आणि संध्याकाळी सात-साडेसातनंतर, कारण विद्यार्थी नोकरदार. मधला दिवस रिकामा, पण इतरांचे दिवस भरलेले, त्यामुळे तो रिकामेपणाही एकट्याचाच. आहारतज्ज्ञ, झुंबा, समुपदेशन, लाइफ कोचिंग, 'निरोगी' म्हणून निवडल्या जाणाऱ्या या बहुतेक व्यवसायांचं गिऱ्हाईक म्हणजे मागे राहिलेली, दमलेली, उशिरा घरी जाणारी माणसं. थकव्यातून सुटलेला माणूस इतरांच्या थकव्यावर जगतो. त्यात वाईट काही नाही, पण सगळं शहर योगशिक्षक होऊ शकत नाही. कुणीतरी दावे निकाली काढत, रांगेत उभ्या माणसाचं पासबुक भरत, औषधांची चाचणी करत बसायलाच हवं. त्यांच्या तब्येतीचं काय, हा प्रश्न शिल्लक उरतोच.

पोळीभाजी केंद्र काढणारीचा दिवस तर ऑफिसपेक्षा लांब. पहाटे चारला कणीक, आठच्या आत डबे बाहेर, दुपारी मंडई, संध्याकाळी पुन्हा पोळ्या. गॅस सिलिंडरचा भाव वाढला की पोळीचा भाव वाढवायचा की नाही यावर रात्रभर विचार. हातची बाई आली नाही तर दोनशे पोळ्या स्वतः. अशा कितीतरी बायका मी डोंबिवली-दादरमध्ये बघितल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मला भारी आदर आहे. पण 'तब्येतीसाठी नोकरी सोडली' हे वाक्य त्यांच्यापैकी कुणी म्हणेल असं वाटत नाही. त्यांना मिळालं असेल ते वेगळंच: वरचा साहेब गेला, कष्ट स्वतःच्या नावावर आले. हे छोटं नाही. फक्त त्याला आरामाचं आयुष्य म्हणून विकू नये.

आणि शेती! मुंबईतल्या मध्यमवर्गाचं हे सर्वांत लाडकं स्वप्न. आमराई, विहीर, पडवीत झोपाळा. पहिली अडचण कायद्याची. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 च्या कलम 63 प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे आजोबा-पणजोबांचं नाव सातबाऱ्यावर हवं, आणि ते असेल तर त्याच सातबाऱ्यावर अकरा चुलत भावंडांची नावंही असणार. ज्या भावाने इतकी वर्षं गावी राहून बांध सांभाळले, त्याला तुमचं 'मुळांकडे परतणं' कसं दिसत असेल, याचा विचार शहरात बसून कुणी करत नाही. दुसरी अडचण आभाळाची. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, पुढच्याच मेमध्ये तौक्ते आलं. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने मोहोर टिकत नाही. कोकणातली माणसं शंभर-दीडशे वर्षं मुंबईला आली ती शेतीत भागत नव्हतं म्हणून. मनीऑर्डरीवर चाललेली घरं होती ती. नातवंडांना त्याच मातीत निवांतपणा दिसावा यात गैर नाही. मात्र तो निवांतपणा बहुधा मुंबईतल्या फ्लॅटच्या भाड्यावर उभा असतो, भातावर नसतो. (शिवाय तिथे पोचायचं कसं? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे.)

म्हणजे कुणी क्षेत्र बदलूच नये का? तसं मला म्हणायचं नाही. उलट जास्त लोकांना बदलता यावं असं मला वाटतं, आणि आज ते ज्यांना जमतं ते कोण आहेत हे बघितलं की मन खट्टू होतं. उदाहरण म्हणून नेहमी डॉ. श्रीराम लागूंचं नाव निघतं. नाक-कान-घशाचे शल्यविशारद, 1969 मध्ये वयाच्या बेचाळिशीत व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले. धाडस होतंच, आणि ते मोठं होतं. पण वैद्यकीची पदवी जवळ असलेल्या माणसाला परतीचा रस्ता उघडा असतो. विम्याच्या कॉल सेंटरमधल्या मुलीला तो नसतो. नारायण सुर्व्यांचा रस्ता मला जास्त शिकवून जातो. गिरणीत काम, मग महापालिकेच्या शाळेत शिपाई, मग शिक्षक. प्रत्येक पायरीवर पगाराची एक काठी हाताशी होती, आणि सुटल्यावर लिहायला वेळ. असा जिना शहराने बांधून ठेवला होता: पालिकेच्या नोकऱ्या, गिरणगावातल्या रात्रशाळा, सकाळ-संध्याकाळची कॉलेजं.

जिना नसला की काय होतं, तेही मुंबईने पाहिलं आहे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून संपल्या. शहराच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं करिअर बदलणं. साचे चालवणारा माणूस सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाला, भाजीची गाडी लावू लागला, गावी परतला. हातातलं कसब एका दिवसात कवडीमोल झालं. त्या घरांना तारलं ते बायकांनी, आणि त्यांना आधार होता तो 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी खाणावळ चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळासारख्या संघटनांचा. बँकेचं छोटं कर्ज, हक्काचं गिऱ्हाईक आणि पाठीशी दहा जणी. कुठल्याही वक्त्याच्या भाषणापेक्षा नवं काम सुरू करायला हे जास्त उपयोगी पडतं.

बायकांवरून तो मघाचा कुकर. मुंबईत काम बदलण्याची सगळ्यात जास्त वेळ बायकांवर येते, पण ती गोष्ट कुणी प्रेरणादायी म्हणून सांगत नाही. मूल झालं, सासू आजारी पडली, पाळणाघर परवडेना, की ती लेखापरीक्षण सोडून शिकवण्या घेते. 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची प्रसूती रजा आली, 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. लोअर परळच्या किती इमारतींत ते पाळणाघर आहे, जाऊन बघा. तिचं हे बदलणं 'आवड' म्हणून धरलं जातं, कारण तीही तसंच सांगते. घराची लाज राखावी लागते. दहा तासांच्या दिवसाचा पहिला बळी तिचं करिअर असतं, कारण घरात दोघांचे दिवस दहा-दहा तासांचे असले तर एकाचा मोडावाच लागतो, आणि तो कुणाचा मोडतो हे ठाऊकच आहे.

मग करायचं काय? सगळ्यात आधी, नोकरी बदलणाऱ्याला दंड करणं थांबवा. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा कायदा 1972 चा होता. त्यात हक्क लागायचा पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावर, आणि कायम माणसाला ती अट आजही आहे. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी मुदतीच्या नेमणुकीवरच्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी दिली, मग कायम माणसाने काय घोडं मारलंय? साडेचार वर्षांनी नको त्या ठिकाणाहून निघणाऱ्याने साडेचार वर्षांचे पैसे का सोडायचे? याच संहितांपैकी एकीत पुनर्कौशल्य निधी आहे: कपातीत काढलेल्या कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांचा पगार जमा करायचा. पंधरा दिवसांत नवं कसब शिकून होतं असं मानणाऱ्याने एकदा तरी आयटीआयच्या कार्यशाळेत उभं राहावं. आयटीआयला वरची वयोमर्यादा नाही, पण दिवसभर हजेरी लागते, म्हणजे कमावत्या माणसाला दार बंदच. संध्याकाळच्या तुकड्या काढा, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं रात्री उघडी ठेवा, पालिकेच्या ओस पडत चाललेल्या शाळांच्या इमारती आहेतच. आणि विमा. मुंबईत नोकरी न सोडण्याचं खरं कारण बऱ्याचदा आईचा मधुमेह असतो. कंपनीचं मेडिक्लेम गेलं की नव्या पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सोडल्यावर वर्षभर तरी तेच कवच स्वतःच्या पैशाने चालू ठेवण्याचा हक्क प्रत्येकाला असायला हवा. तीन-तीन महिन्यांच्या नोटीस पीरियडबद्दल काय बोलायचं? कंपनी काढताना दुपारी लॅपटॉप काढून घेते.

उद्योजक मित्र म्हणतात, तास कमी केले तर कंपन्या हैदराबादला जातील, इतर राज्यं तास वाढवतायत. इतर राज्यांनी केलं हे सरकारचंही समर्थन होतं. पण मुंबईत कंपन्या स्वस्त तासांसाठी कधीच आल्या नाहीत. त्या आल्या बंदरासाठी, शेअर बाजारासाठी, रिझर्व्ह बँकेच्या शेजारासाठी आणि इथल्या शिकलेल्या माणसांसाठी. तीच माणसं पस्तिशीत गोळ्या घेत असतील तर कंपनीला काय उरतं? छोट्या दुकानदाराची अडचण खरी आहे, त्याला सवलत द्या. 20 माणसांची अट लावून कायद्याने ते करून दाखवलंच आहे. बँकेला आणि बहुराष्ट्रीय कंपनीला त्याच्या आड लपू देऊ नका.

ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याच्या हक्काचं विधेयक सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत मांडलं, 2025 मध्ये पुन्हा मांडलं. ते खासगी विधेयक आहे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं, आणि 1970 नंतर संसदेत एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. दुकाने व आस्थापना कायदा राज्याचा आहे. 9 चे 10 त्यांनीच केले, 8 तेच करू शकतात. तोवर निदान आहे तो कायदा पाळला जातोय का, हे बघायला नवी यंत्रणाही लागत नाही. आज जवळजवळ प्रत्येक ऑफिसच्या दारात बोटाचा ठसा घेणारं यंत्र आहे. माणूस किती वाजता आला आणि किती वाजता गेला, दोन्ही त्यात मिनिटासह नोंदलेलं असतं. ती जाण्याची वेळ दर महिन्याला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेली पाहिजे. सध्या त्या यंत्राचा उपयोग लेट मार्क लावण्यापुरता होतो.